काढण्याआधी विचारणं

आबा, कारखान्यांत माणसं नेमणाऱ्या आणि काढणाऱ्या अधिकाऱ्यांना मी कामगार कायदा शिकवते. पहिला धडा ठरलेला: कुणालाही काढण्याआधी त्याच्यावरचा आरोप त्याला सांगायचा आणि त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं. आज एकानं विचारलं, निर्णय आधीच झाला असेल तर ऐकायचं कशाला? पाठ असलेलं उत्तर मी देऊन टाकलं, पण घरी आल्यापासून एका जागी बसवत नाही. दोनदा चहा ठेवला, दोन्ही वेळा उतू गेला.

निजामाच्या राजवटीची ती अखेरची वर्षं. हिंगोलीच्या जिनिंग कारखान्यात तुम्ही मुकादम होता. कापसाची गंजी पेटली, विझवताना एका बाईचे दोन्ही हात भाजले. मालक म्हणाले, पहारेकऱ्याच्या बिडीनं झालं, आजच काढा. पहारेकरी म्हणजे डोंगरकडा गावचे चाचा, ईदला आपल्याकडे शीरखुर्मा पाठवणारे. विचारल्याशिवाय काढू नका म्हणून अडवणारा कायदा तुम्हांला ठाऊक नव्हता, विचारा म्हणणारंही कुणी नव्हतं. तरी तुम्ही मालकांना सांगितलंत, आधी त्यांना विचारतो. आगीमुळे कारखान्याचं फाटक बंद होतं, म्हणून चाचांना घरीच बोलावलंत.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे: मी चुलीपाशी भाकरी थापते आहे. चाचा ओसरीवर बसलेत, पाण्याच्या तांब्याला हात लावत नाहीत. आई माझ्या कानाशी म्हणते, बिडी पाहिली कुणी? कुणीच पाहिलेली नाही. त्यांनी नुसतं नाही म्हटलं, तर तुम्ही मालकांपुढे त्यांच्या बाजूनं उभे राहणार, हे आम्हां दोघींना पक्कं माहीत आहे. तुम्ही आरोप सावकाश सांगता, मग विचारता, "चाचा, तुमचं काय म्हननं हाय?"

ते बराच वेळ अंगणाकडं बघत राहतात.

"बिडी माझीच व्हती, मुकादम. विझली समजून टाकली. त्या बाईचे हात पाह्यल्यापासून चैन न्हाई."

तुम्ही त्यांना काढलंत. दुसरं काय करणार होता? जेवून जा म्हणालात, ते थांबले नाहीत. त्या बाईचे हात बरे झाले, पुढच्या हंगामात ती कामावर आली. चाचा गावी दुसऱ्याच्या शेतात राबायला लागले, आणि ईदला आपल्याकडे कुणी आलं नाही. मी मात्र त्याच दिवशी तुमच्यावर उखडले होते: काहून विचारलं? तुम्ही ताट तसंच सरकवलंत.

"मला वाटलं, त्ये न्हाई म्हनतील."

तुमचं हे वाक्य मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हा कागद तर कुठंच जायचा नाही, म्हणून माझंही एक लिहून ठेवते. चाचा गप्प होते तेवढा वेळ मी मनात एकच घोकत होते, खोटं बोला. एवढी वर्षं कायदा शिकवूनही, आबा, ते घोकणं चुकीचं होतं असं मला म्हणवत नाही.