बिनपगारी मंगळवार

४ मार्च
चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र वाचता वाचता चहाचं पाणी झालं. एकेचाळिसाव्या वर्षी निवृत्ती? अगं, माणूस साठीला निवृत्त होतो. शिवणदोऱ्याच्या कारखान्यात मी जन्मभर उत्तरेच्या खिडकीशी उभं राहून दोऱ्याचे रंग नमुन्याशी जुळवले, मगच पेन्शन घेतली. आणि तू विमा कंपनीतली घडी बसलेली नोकरी सोडणार, कारण म्हणे गुंतवणुकीवर घर चालतं. पेन्शन मरेपर्यंत येते. बाजार कोसळला तर तू कोणाच्या दारात जाणार?
पुढे काय करणार, तर ‘आधी काहीच नाही’. वहिनी गेल्यावर मी भाचीला वाढवलं ते काहीच न करण्यासाठी? कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला ताठ बसायला शिकवलं. अर्ध्यातून उठणाऱ्यांचा मला तेव्हापासून राग आहे. महिनाअखेर राजीनामा देण्याआधी माझा होकार हवा म्हणतेस. तो मिळणार नाही.
लोभ आहे, सध्या तो रागावलेला आहे.
आत्या

११ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
पत्र पोचलं. पाकीट अजून गरम होतं.
पहिल्या पगारापासून निम्मा बाजूला टाकायला तूच शिकवलंस. मी गाडी घेतली नाही, मोठं घर घेतलं नाही, मैत्रिणींनी कवडीचुंबक म्हटलं तेही ऐकून घेतलं. आता भाडं, किराणा, दवाखाना, सगळं नोकरीशिवाय भागतं. बाजार कोसळला तर हात आखडेन, तरी नाही भागलं तर पुन्हा काम धरेन. तुझ्या निवृत्तीची तारीख कारखान्याने ठरवली, माझी मी ठरवतेय, एवढंच.
आता माझा प्रश्न. मंगळवारी फोन केला, तू उचलला नाहीस. घाबरून शेजारच्या डॉक्टरीणबाईंना केला. त्या म्हणाल्या, मंगळवारी-शुक्रवारी तुमच्या आत्या कशा सापडतील, डबा घेऊन कारखान्यात जातात की. आत्या, तुला निवृत्त होऊन चार वर्षं झाली ना? मग पगार कोण देतं?
होकाराची वाट पाहते. माया पातळ करू नकोस.
तुझी भिंगरी

१७ मार्च
चि. भिंगरीस,
आशीर्वाद.
डॉक्टरीणबाई औषधं कमी आणि बातम्या जास्त वाटतात.
पगार कोणी देत नाही. नव्या पोरांना निळ्यातला हिरवा दिसत नाही, दिव्याखाली दोरा धरून ‘जुळला’ म्हणतात, म्हणून जाते. आणि घरी करू काय? पडदे धुतले, कपाटं लावली, लावलेली कपाटं पुन्हा लावली. निवृत्त झाले की पोहायला शिकेन म्हणत होते. त्यासाठी घेतलेला पोशाख अजून घडीत आहे. हे तुला हसायला लिहिलेलं नाही.
होकार अजूनही नाही. तुझ्यावर जीव आहे, म्हणूनच तुझा जीव खाते.
आत्या

२२ मार्च
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
हसले. माफ कर.
पगार होता तेव्हा तू निवृत्तीची वाट पाहिलीस, आणि निवृत्त झाल्यावर फुकटची नोकरी धरलीस. मला ती चूक करायची नाही. सुटले की पहिल्याच मंगळवारी तुझ्याकडे येईन आणि दोघी पोहायला तलावावर जाऊ. त्या वेळी तो रिकामा असतो, सगळे शहाणे कामावर असतात.
पण तुझ्या होकाराशिवाय राजीनामा देणार नाही. नाहीतर पाण्यातही बोलून बोलून बुडवशील.
रागासकट तुझी माया असू दे.
भिंगरी

२७ मार्च
चि. भिंगरीस,
आशीर्वाद.
आज शुक्रवार. मॅनेजरला जाऊन सांगितलं, यापुढे येणार नाही. मुलगा चांगला आहे, पण चष्म्यावरून बघत म्हणाला, बाई, महिन्याची नोटीस लागते. मी म्हटलं, अरे, मी चार वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. त्याला पटेना. त्याने हिशेब विभागाला फोन लावला, आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा कच्च्या सुतासारखा पांढरा पडला. तो मला नोकरीतच समजत होता. मागच्या महिन्यात उशिरा आले म्हणून त्याने मला समज दिली होती, आणि मी ‘सॉरी सर’ म्हणून वेळेत येऊ लागले होते.
घरी येईपर्यंत स्वतःवरच चिडले होते. मग पोशाखाची घडी मोडली.
तेव्हा होकार आहे. तू मात्र रीतसर नोटीस दे. आपल्या घरात एकीने तरी नोकरी नीट सोडावी. बाजाराबद्दलचं माझं मत तेच आहे, ते तुला तलावावर ऐकवीन.
पोशाख दुकानदाराने निळा म्हणून दिला होता. आहे हिरवट. तरी तोच घालणार आहे.
माया आहेच, मंगळवारी वेळेवर ये, म्हणजे टिकेल.
आत्या