ज्याचं खरं, त्यानं आधी वाकायचं

गुरुजी,

गंभीर तक्रार आहे. तुम्ही मला दिलेल्या पोथीत तुमची तपकीर अजून आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी पान उघडलं की मी तीनदा शिंकतो आणि बायको आतून विचारते, "आले का गुरुजी?" त्यातही गंमत अशी, की मान मागू नको, क्षमा कर, कुणाला दुखवू नको असं सांगितलंय त्या पानांवर तपकीर भरपूर, आणि देव म्हणतो ऊठ, दुबळेपण सोड, लढ, ती पानं कोरी करकरीत. तुमचा मुक्काम कुठं असायचा, याला आणखी पुरावा नको.

पाठशाळेत तुमचा नियमच होता: भांडण झालं की ज्याचं खरं, त्यानं आधी वाकायचं. माझं नेहमी खरं असायचं, म्हणून कंबर लवकर गेली. "मग लढ म्हटलंय ते कुणाला?" असं विचारलं, की तुम्ही चिमूट नाकाला लावून म्हणायचात, "आधी वाकायला शीक, मग इचार."

भूकंपानंतर तुम्ही आम्हा पोरांना नांदेडहून किल्लारीकडं मदतीला नेलंत. पत्र्याची शेडं उभी राहतायत. एका बाईच्या वाट्याचे पत्रे तिच्या दिरानं उचलून स्वतःच्या शेडला ठोकलेत. नवरा ढिगाऱ्यात गेलेला. ती तुमच्यापुढं उभी. "पत्रे माहे हायत, गुरुजी. मी कामून वाकू?" तुम्ही म्हणता, "तुहंच खरं हाय माय, म्हणून तूच वाक." ती वाकली. दीर ओशाळेल अशी तुमची खात्री होती. त्यानं आशीर्वाद दिला आणि पत्रे ठेवून घेतले. लोक म्हणाले, गुरुजींनी भांडण मिटवलं. तेव्हा मी गप्प बसलो, आज बसणार नाही. भांडण मिटलं नव्हतं, बाई तेवढी गप्प झाली होती. आणि तपकिरीच्या नि कोऱ्या पानांचं आपसात काही वाकडं नाही. वाकडं आहे ते तुमच्या नियमात. युद्धाआधी समेटाला कोण गेला? ज्याच्या हातात बळ होतं, तो. दुबळ्याला वाकवा, असं एकाही पानावर नाही. पोथी तुम्हीच शिकवलीत, आता ऐका.

सध्या मी लातूरला एका क्लासमध्ये संस्कृत शिकवतो. तिथं चाचणीच्या गुणांप्रमाणे बाक मिळतो. गेल्या आठवड्यात उमरीची एक मुलगी शेवटच्या बाकावर गेली, तेव्हा मालक भर वर्गात म्हणाले, "आईसंगं खुरपायला जा." ती उठली. "सर, मला बोला. आईला न्हाई." मालकांनी मला बोलावलं. "चूक कुणाची ते सोडा हो सर, वाकलं की मिटतं. तुम्ही पोथीवाले, तुमचं ऐकंल ती." तुमचाच नियम, गुरुजी, एसीत बसून.

मी तिला म्हटलं, "वाकू नकोस."

ती नाही वाकली. क्लासमधून तिचं नाव काढून टाकलं.

हे पत्र त्या कोऱ्या पानांत ठेवून देतो. तिथं तुम्ही यायचा नाहीत. पण एक सांगायचं राहिलं. तिला ताठ राहा म्हणालो, आणि मालकांपुढं मात्र तिच्या बाजूनं एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तास घेतला. तिची परीक्षा तोंडावर आलीय, आणि चार दिवस झाले, ती फोन उचलत नाही.