भाजी विकणारी स्त्री

माय, काल तुला भिंतीवर पाहिलं. पोलीस ॲक्शननंतरच्या आपल्या शहराच्या जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरलंय. शेजारणीनं ओढून नेलं म्हणून गेले, नाहीतर मी कशाला जाते तसल्या ठिकाणी. हर्सूलचा तलाव, काठावर वाळत घातलेली जाळी, आपल्या भोई गल्लीतल्या बाया, आणि फोटोंच्या रांगेच्या शेवटी तू. शहागंजात पाटी पुढ्यात घेऊन बसलेली. डोक्यावर पदर नाही. खाली छापलंय, 'भाजी विकणारी स्त्री'. भाजी म्हणे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी सातवीत आहे, सुट्टी म्हणून तुझ्याजवळ बसलेय. पाटीत मरळी आहेत, तू वरून पाणी शिंपडतेस. मासळी झाकायची नाही हा तुझा नेम. "झाकली की गिऱ्हाइकाला वाटतंय शिळी हाय. कल्ले दिसू दे." तेवढ्यात माझ्या वर्गातल्या दोघी समोरून येताना दिसतात, आणि शाळेत तर मी सांगून बसलेय की माझी माय भाजी विकते. "माय, झाक ना पाटी, लवकर." तू माझ्याकडं पाहतेस, त्या पोरींकडं पाहतेस. जवळ फडकं नसतं, म्हणून डोक्यावरचा पदर काढून पाटीवर पसरतेस. तेवढ्यात कुणी कॅमेरेवाला फोटो काढून निघूनही जातो. पोरी गेल्या आणि माझ्या जिवात जीव आला. गावासमोर तू उघड्या डोक्यानं बसलीयस, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. ते काल दिसलं, इतक्या वर्षांनी.

मागून तुझी रोजची गिऱ्हाईक खाला आली. "ढांक के कायकू रखी गे? बासी है क्या?" तू म्हणालीस, "नाय वो खाला, आजचीच हाय." पण ती पुढं गेली. घरी जाताना तू एवढंच बोललीस, "उद्यापासून मी एकटीच जाईन. तू नगं येऊ." त्यापेक्षा दोन रट्टे दिले असतेस तर बरं झालं असतं. पुढं मी मास्तरीण झाले, लग्न झालं, सासरीही मी भाजीच सांगितली. तू माझ्याकडं यायचीस ती मेथीची जुडी घेऊन. मरेपर्यंत तू माझं खोटं सांभाळलंस माय, आणि मी ते सांभाळू दिलं. याची मला लई लाज वाटते.

काल तिथली वही घेतलेली मुलगी जवळ आली. "आजी, यातलं कुणी ओळखीचं आहे का? नावं मिळाली तर खाली लिहू." तुझं नाव अगदी ओठावर आलं होतं. शेजारीण खांद्याशीच उभी. मी म्हणाले, "नाय गं." तिनं पुन्हा विचारलं, "ही भाजीवालीच ना?" मी म्हणाले, "व्हय."

प्रदर्शनाचा आज शेवटचा दिवस. तुझं नाव सांगायचंच, तू मासळी विकायचीस हेही सांगायचं, असं ठरवून सकाळी निघाले होते. बाजारापर्यंत गेले आणि पाय पुढं पडेनात. तिथूनच एक मरळ घेऊन परत आले. आमच्या जिन्यात कुणी ना कुणी भेटतं, म्हणून पिशवीत वर मेथीची जुडी ठेवली.