थोडं घासलं की बसतं

भाऊजी यांस,

वहिनीचा आशीर्वाद (तुमचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेत हे मान्य, पण थोरली मी आहे, तेव्हा आशीर्वादच घ्या). इकडे माझं बरं चाललंय. साखर आटोक्यात आहे, गुडघे कुरकुरतात, कानांना आता सोयीचं तेवढंच ऐकू येतं. तुमची पाठ कशी आहे? आणि माझी धाकटी जाऊ, तिचा खोकला गेला का? ती अजून थंड फरशीवर अनवाणी फिरत असेल तर माझ्या नावानं तिला रागवा. नाही, नको. माझ्या नावानं तिला काही बोलू नका, तुमच्याच नावानं रागवा.

पत्राचं कारण मोटरसायकल. तुमच्या दादांना जाऊन पाच वर्षं झाली, तेव्हापासून ती जिन्याखाली जुनी चादर पांघरून उभी आहे. गेल्या महिन्यात पोरगा म्हणाला, आई, ही भंगारात देऊ, तिथे कपडे धुण्याचं मशीन मस्त बसेल. भंगारवाला येऊनसुद्धा गेला. त्यानं चादर काढली, पुढच्या चाकाला बुटानं ठोकरलं आणि वजनाचा अंदाज सांगितला. माझं डोकं फिरलं. मी दोघांनाही सांगितलं की ही गाडी अर्धी यांची आणि अर्धी माझ्या दिराची, मी ती चालू करून दिराच्या दारात पाठवणार. तोंडातून गेलं खरं. आता तुम्ही म्हणाल, आठ वर्षांत आमच्याकडे एक निरोप नाही आणि एकदम मोटरसायकल? तुमचंही बरोबर आहे. दर रविवारी येणारी तुम्ही दोघं, बदली मागून निघून गेलात, ते का हे आपल्याला ठाऊक आहे. माझ्या आईचा चांदीचा चमचा हरवला आणि मी धाकटीच्या तोंडावर म्हणाले की पाहुणे गेले की चमचे मोजून ठेवावे लागतात. त्यानंतर ती आमची पायरी चढली नाही. तुम्ही एकदा आलात, यांना पोचवायला, एकटेच, आणि घोटभर पाणीसुद्धा न पिता गेलात. तर त्याबद्दल मला लिहायचंच आहे. पण आधी मोटरसायकलचं सांगते.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला बोलावलं. हा मनुष्य चष्मा कपाळावर ठेवतो आणि बोटांनी बघतो. त्यानं यादी दिली, मी पार्टच्या दुकानात गेले. दुकानदाराला गाडीचं नाव सांगितलं तर तो उभा राहिला (आदरानं नव्हे, आतल्या पोटमाळ्यावर चढायला). कंपनी कधीच बंद पडली म्हणाला, पण दुसऱ्यांनी बनवलेला माल आहे, बसतो. मी विचारलं, नक्की? तर म्हणे, थोडं घासलं की बसतं. भाऊजी, हे वाक्य मी या घरात सून म्हणून आले त्या आठवड्यापासून ऐकतेय. फक्त तेव्हा ते तुमच्या दादांच्या तोंडी असायचं.

घरी आणून बघतो तर क्लचची केबल वीतभर जास्त लांब. आरशाचे आटे उलटे, म्हणजे घट्ट करायला जावं तर आरसा हातात. किकचा दांडा बसला, पण तो मारला की पाय थेट पायपट्टीवर आपटतो. मिस्त्री त्याला दोन दिवस घासत होता. ओसरीवर लोखंडाचा भुगा पडला होता आणि मी झाडू घेऊन त्याच्यामागे. सारखी रविवारची आठवण येत होती. तुम्ही दोघं पायरीवर, मध्ये वर्तमानपत्र, त्यावर नट आणि बोल्ट, आणि तुमचं ठरलेलं भांडण. यांचं म्हणणं, मोठं असेल ते घासावं. तुमचं म्हणणं, लहान असेल त्याखाली काहीतरी सारावं. हे इतकं घासायचे की पार्ट सैल व्हायचा, मग तुमचं सारणं सुरू. आत मी आणि धाकटी चहा गाळता गाळता हसून हसून बेजार. जोडून झाल्यावर दर वेळी दोन-तीन नट उरायचे आणि हे छातीठोकपणे सांगायचे की कंपनी जास्तीचे घालते. धाकटी ते काचेच्या बरणीत टाकायची, आणि बरणी भरली की या नटांची दुसरी मोटरसायकल होईल म्हणायची. ती बरणी अजून आहे. त्या दिवसांसारखे दिवस पुन्हा आले नाहीत, हे मी इथे स्पष्टच लिहिते, कारण माणसं गेल्यावर लिहून काय उपयोग.

असो. मिस्त्री म्हणाला, नवीन पार्ट बसत नाहीत कारण आत आधीच कोणीतरी बसलंय. मग त्यानं गाडी पूर्ण उघडली. मी स्टूल घेऊन समोर बसले, आणि माझं अर्धं स्वयंपाकघर बाहेर यायला लागलं. टाकीखाली माझ्या कुकरची रिंग (या रिंगेसाठी मी वरच्या भाडेकरणीशी दोन महिने बोलले नव्हते). दिव्याच्या मागे पावडरच्या डब्याचं झाकण. साखळीच्या कव्हरला आधार म्हणून माझी दहा नंबरची विणायची सुई, जिच्यापायी पोराचा स्वेटर एका बाहीवर थांबला आणि मी मांजराला बडवलं. बॅटरीखाली गरम पाण्याच्या पिशवीचं रबर, गोल, नीट कापलेलं. मिस्त्री एकेक काढून वर्तमानपत्रावर ठेवत होता आणि मला विचारत होता, हे काय? मी सांगत होते, आणि प्रत्येक वस्तूबरोबर एकेक माणूस आठवत होतं, ज्याच्यावर मी आळ घेतला होता. मांजरासकट.

मग हँडल निघालं. तुम्हाला आठवत असेल, नाल्याजवळ पडल्यावर यांनी दुसऱ्या गाडीचं हँडल आणलं आणि ते एका सुतानं बारीक निघालं, धरलं की गोल फिरायचं. त्या रविवारी तुम्ही हँडल धरून बसला होतात आणि हे आत जाऊन काहीतरी घेऊन आले, ठोकलं, सारलं, आणि गाडी सुतासारखी सरळ. मिस्त्रीनं हँडल धरून ठेवणाऱ्या दोन्ही पकडी उघडल्या. एकीत दांडा, दुसरीत चपटं केलेलं तोंड. काळाकुट्ट पत्रा. त्यानं पेट्रोलच्या फडक्यानं पुसलं आणि म्हणाला, "बाई, ही तर चांदी दिसतेय." टोकाला कोरलेलं पान होतं. माझ्या आईनं मला ज्यानं पहिला घास भरवला होता, तो चमचा, दोन तुकड्यांत.

पहिल्यांदा मी यांच्या फोटोकडे बघून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेला. नंतर मला हसू फुटलं, कारण चमचा काळा पडला होता तो माझ्यामुळे, मीच घासला नव्हता कितीतरी महिने. यांना तो पत्रा वाटला असणार. तुम्हालाही तेच वाटलं असणार, असं मी धरून चालते (वाटलं नसेल तर मला कधीही सांगू नका, काही गोष्टी मला या वयात झेपणार नाहीत). आणि मग हसू थांबलं. आठ वर्षं, भाऊजी. आणि चमचा जिन्याखाली, माझ्या स्वयंपाकघरापासून सात पावलांवर.

मिस्त्रीनं आठवडाभर खटपट केली, पण या वस्तू काढून टाकल्या की गाडी खडखडते, नवीन काही तिच्यात बसत नाही. शेवटी त्यानं रिंग, झाकण, सुई, सगळं होतं तिथे परत बसवलं. चमच्याचे तुकडे तेवढे माझ्या हातात दिले आणि हँडलसाठी पितळी पट्टी कापतो म्हणाला. मी सांगितलं, चमचाच बसव. काल दुपारी अकराव्या किकला गाडी सुरू झाली. गल्लीत धूर झाला, भाडेकरणीनं खिडक्या लावल्या, आणि हँडल तसूभरही हललं नाही.

तर गाडी तयार आहे. न्यायला या. तब्येतीला जपा, पाठ शेका, वाकून काही उचलू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. गाडी ट्रकमधून पाठवता येते, मिस्त्रीनं चौकशी केली आहे. पण मी पाठवणार नाही. स्वतः यावं लागेल, आणि मागची सीट रिकामी घेऊन आलात तर चावी मिळणार नाही.

ता. क. २. वर जे तब्येतीबिब्येतीचं लिहिलं ते सगळं तुमच्यासाठी. बाकी पत्र तुमच्यासाठी नाही. तिच्या नावानं चारदा लिहायला बसले आणि पहिल्या ओळीलाच अडले, म्हणून तुमच्या आडून लिहिलं. आता हा कागद तिच्या हातात द्या आणि खोलीतून बाहेर जा.

ता. क. ३. धाकटे, चमचा सापडला. पण तो सापडला म्हणून लिहीत नाहीये. तू नेला नाहीस हे मला त्याच दिवशी, बोलून तोंड मिटायच्या आत, कळलं होतं. शब्द परत कसा घ्यायचा ते कळलं नाही, आणि मग दिवस जात राहिले. तुला पाहुणी म्हणाले मी. चमच्यापेक्षा ते वाईट होतं. माझं चुकलं. ये, आणि आल्यावर दार वाजवू नकोस, घरातली माणसं वाजवत नाहीत.