वडापासून दारापर्यंत

सोमवार, ९ जून
बाबांचा दावा मोबाइलवर पाहिला. नोव्हेंबरातच निकाली निघालाय. कोर्टाच्या रोजनाम्यातली त्या तारखेची ओळ: ‘वादी व वादीचे वकील पुकारता गैरहजर.’
त्या दिवशी बाबा कोर्टात होते. मीच सोडलं होतं. आवारातल्या वडाखाली, वकिलांच्या टेबलाशेजारी, डबा घेऊन.
त्यानंतरही वकिलांनी चार तारखा सांगितल्या. बाबा चारही वेळा गेले. संपलेल्या दाव्याला.
“सात वर्षांत आत किती वेळा गेलात?”
“आत कशाला? वकील म्हणायचे, मास्तर, बसा निवांत, पुकारा झाला की हाक मारतो.”
तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस.
दावा ज्या वाटेसाठी, ती कळंब्याच्या प्लॉटची वाट अजून शेजाऱ्याच्या भिंतीमागे.

शुक्रवार, १३ जून
नव्या वकीलबाईंनी दावा पुन्हा सुरू करण्याचा अर्ज दिला. तारीख १४ जुलै. उशीर का झाला, ते पटवावं लागेल. “जुन्या वकिलांनी चूक मान्य करून प्रतिज्ञापत्र दिलं तर सोपं. पण ते द्यायचे नाहीत.”
बाबा म्हणाले, जाऊ दे. माझ्याच्यानं होत नाही.

सोमवार, १६ जून
आठवड्याची सुट्टी. फौंड्रीत सुटे भाग मोजते, आज कोर्टाचं आवार मोजलं. वडापासून कोर्टरूमच्या दारापर्यंत एक्केचाळीस पावलं. दोनदा. शिपायाचा पुकारा दारापासून पंधराव्या पावलाला विरतो.
एका कागदावर चार वाक्यं छापून आणली होती. केसचा नंबर मागून घ्या. पुढची तारीख मोबाइलवर स्वतः बघा. मागच्या तारखेला काय झालं, ते रोजनाम्यात वाचा. आत जाऊन बसा, कोर्ट सगळ्यांना उघडं असतं.
वाटले फक्त बाबांच्या जुन्या वकिलांच्या टेबलाभोवतीच्यांना. समाजसेवा नाही. मला ते टेबल रिकामं बघायचंय.

सोमवार, २३ जून
शिरोळच्या एक आक्का. “मोबाइलात जज दिसतोय व्हय गं?”
“जज नाही. तारखा.”
वाचून दाखवलं. तीन तारखांना त्यांचे वकील गैरहजर. आक्कांना सांगितलं होतं, साहेब आजारी. आक्का तडक टेबलाशी. “वकील, जजसायब ठणठणीत हाय म्हणं. आजारी तुमीच हुता काय?”
माणसं हसली. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे.
सकाळी टेबलाशी अकरा जण. दुपारी सात.

सोमवार, ३० जून
हातकणंगल्याचे पावणे. त्यांचा रोजनामा स्वच्छ. हेच वकील दर तारखेला हजर, मनाईहुकूमही मिळवून दिलेला.
“काय लिवलंय?”
“नेटवर्क नाही.”
नेटवर्क पूर्ण होतं.
“ऱ्हाऊ दे. कळलं की काय ते. दुसरा वकील बघतो.” गेले. थांबवलं नाही.
फौंड्रीत कुणी रीडिंग लपवलं तर मीच रिपोर्ट करते.
घरी बाबा: “आज किती जणांना समजावलंस?” गल्लीभर सांगत फिरतायत, पोरगी लोकांना कोर्ट शिकवते.

सोमवार, ७ जुलै
टेबलाशी तिघे. वकील स्वतः माझ्याकडे आले.
“प्रतिज्ञापत्र देतो. तारीख माझ्या कारकुनानं चुकीची सांगितली, असं लिहून. मास्तरांचा दावा परत लागेल. तू झाडाखालचं तेवढं बंद कर.”
“चूक कारकुनाची होती?”
“लिहून देतो म्हटलं की.”
सोमवारपर्यंत मुदत.
बाबांना सांगितलं. “वाट मिळंल की गं.” आणि जेवताना, “आणि ती आक्का?”

सोमवार, १४ जुलै
बाबा पहिल्यांदा आत. इस्त्रीचा शर्ट, पुढचा बाक. नवीन वकीलबाई शेजारी. डबा माझ्याकडे ठेवून गेले.
मी वडाखाली. पिशवीत चाळीस नवे कागद. टेबलावर जुन्या वकिलांचं प्रतिज्ञापत्र, टाइप केलेलं, सहीशिवाय. त्यांच्या हातात पेन. नजर माझ्या पिशवीवर.
तेवढ्यात हातकणंगल्याचे पावणे. दुसऱ्या वकिलाला द्यायचं वकीलपत्र हातात, कोरं.
“ताई, आज नेटवर्क हाय न्हवं? बघून सांगा आधी. मगच सही करतो.”
मोबाइल काढला. त्यांच्या केसचा नंबर पाठ आहे.
दाराशी शिपाई आलाय. तोंड हलतंय. कुणाचं नाव, इथं ऐकू येत नाही.