फडकं आणि ओवी

पौष वद्य ४, शके १८५०, मुरुड

सुपारी सोलणाऱ्या बायकांपैकी आज दोघी नाहीत. ताप, अंगमोड. शेट म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. साथ वखारीत पसरू नये असं काहीतरी करा. काम मात्र बंद न्हाय ठेवायचं."
शाळा सोडून सहा वर्षं झाली, आता गोणी शिवून घेतो. तरी मी मास्तरच. दहा वर्षांमागचं मानमोडीच्या तापाचं साल आठवलं. तेव्हा हजेरी घेताना एकेका नावानंतर... जाऊ दे.

वद्य ५

नियम केले. नाकातोंडाला फडकं. सगळ्यांचा एक पेला बंद, पाण्याला ज्याची त्याची करवंटी. खोकणारीनं घरी राहावं.
सोलणाऱ्यांतली गोदी म्हणाली, "तोंड बांधलं तर पान काय कानानं खाऊ?"
पण घरी राहायला तयार कोण? तीन दिवस नाही आली की जागा दुसरीला, ही वखारीची जुनी रीत. शेटना म्हटलं, एवढी साथ सरेपर्यंत ती मोडा. ते नुसते हसले.

वद्य ६

नियमांचा कागद भिंतीवर लावला. वाचणार कोण? मुलांना पाठ नसलं की आम्ही चालीवर म्हणवून घ्यायचो. पहाटे ओवी जुळली:

फडके नाकातोंडी धरावे ।
पाणी आपापले भरावे ।
खोकला येता दूर सरावे ।
दाराबाहेरी ॥

जैनबला एकदाच सांगितली, लगेच पाठ. तिचा नवरा बोटीवर गेला तो आलाच नाही. घरी आंधळी सासू, ती हिच्या मजुरीवर. गळा असा की शाळेत असती तर पहिल्या बाकावर बसवली असती. मधोमध बसवली, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून.

वद्य ८

काय दुपार होती! गार वारा म्हणून दार लावलेलं, आत वीस बायका एका सुरात. जैनबचं ऐकायला एकमेकींना खेटून बसलेल्या. डोळे मिटले, तर माझा तिसरीचा वर्गच. फडकी हनुवटीखाली आली होती. दिसलं. म्हणू देत, म्हटलं.

वद्य १०

पाच नाहीत. दवाखान्यातले कंपाउंडर आले, दारातच थांबले.
"मास्तर, तोंड बांधा म्हणून सांगायला तोंड उघडायचं? आणि दार लावून?"
बायका हसल्या. मीही हसलो. मग हसू गेलं.

वद्य ११

गाणं बंद. दार उघडं. सगळ्या कुडकुडतात, मला शिव्या देतात. जैनब पदरात तोंड घालून खोकत होती. म्हटलं, घरी जा. "मास्तर, जागा जाईल ना!" संध्याकाळपर्यंत सोलत बसली. कपाळाला हात लावून पाहिलं, तव्यासारखं तापलेलं.

वद्य १२

जैनब नाही.

वद्य १४

जैनब नाही. कंपाउंडर म्हणाले, छातीत उतरलंय. शेटना परत विनवलं. म्हणाले, "एकीला सवलत दिली की सगळ्या मागतील." वर समजूत घातली, "गाण्यानं कुठं ताप येतो, मास्तर?"
मधोमध मीच बसवली होती. हे त्यांना सांगितलं नाही.

माघ शुद्ध २

जैनबकडे गेलो. सासू उंबऱ्यावर चाचपडत, "आत येव नका, बाबा. मी काय, म्हातारी." अंगणातच उभा राहिलो. पेज आणली होती ती पायरीवर ठेवली.
आतून जैनब. आवाज ओळखू येईना. दोन शब्द, मग धाप.
"मास्तर, माजी जागा... कुनाला देऊ नका हां."
"बरं," म्हणालो.
आगरदांड्याची एक बाई काल सकाळपासून तिच्या जागी बसते. कामाला चलाख आहे, फडकं घट्ट बांधते. तिच्याही घरी कोणी असेलच.
परवा पुन्हा जाईन. तोवर शेटशी एकदा बोलून, निदान दाराजवळची एखादी जागा जैनबसाठी राखता आली तर...