गुरुवारी उड्डाण, गुरुवारी इंजेक्शन

नाना, अग्निबाणाचं उड्डाण आणि धाकट्याच्या डोळ्यातलं इंजेक्शन एकाच दिवशी आलं आहे, येत्या गुरुवारी. दोन्हींतलं काय सोडायचं ते मला ठरवता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन साठाहून अधिक वर्षं झाली. या काळात मी कुणाला सल्ला विचारल्याचं मला आठवत नाही. शाळा चालवली, आईचं शेवटचं दुखणं काढलं, माझ्या निवृत्तीनंतर धाकट्याची बायको वारली तेव्हा त्याला त्याच्या सामानासकट माझ्या दादरच्या जागेत घेऊन आले, आणि प्रत्येक वेळी काय करायचं ते मला आधीच ठाऊक होतं. या खेपेला नाही.

त्याचा उजवा डोळा गेला, हे आधी सांगते. डाव्याचं मधलं दिसेनासं होत चाललं आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. जन्मभर परळच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढले त्यानं, केसाएवढी रेघ इकडची तिकडे झाली तर ओळखायचा. आता माझा चेहरा बघायचा असेल तर तो दाराच्या चौकटीकडे बघतो. पहिल्यांदा मला राग आला होता. "मी बोलतेय, माझ्याकडे बघ," म्हटलं. तर म्हणाला, "तुझ्याचकडे बघतोय ताई. तू हल्ली चौकटीच्या डावीकडे राहतेस." शीवच्या डॉक्टरीणबाई दर महिन्याला त्या डोळ्यात इंजेक्शन देतात, त्यांचा इंजेक्शनांचा वार गुरुवारच. त्यानं डोळा सुधारत नाही, आहे तेवढा टिकतो. "धरून ठेवलाय," असं त्या म्हणतात. किती दिवस, ते म्हणत नाहीत.

तो धरून ठेवलेला आहे तोवर त्याला उड्डाण दाखवायचं, असं मी चैत्रात ठरवलं. आता आपल्या देशातून अग्निबाण सुटतात, नाना. पूर्व किनाऱ्यावर एक बेट आहे, तिथं तुमच्या-आमच्यासारख्यांना बसून बघायला पायऱ्या बांधल्या आहेत, आणि घरबसल्या नाव नोंदवता येतं. मी रीतसर केलं सगळं. चेन्नईपर्यंत चोवीस तासांची गाडी, खालचे दोन बर्थ, पुढं दुसरी गाडी, मग बस. दोघांची ओळखपत्रं, दोघांचे पास, स्टेशनाजवळ तळमजल्यावरची खोली, कारण त्याला जिना चढताना शेवटची पायरी कळत नाही. एक वही केली. तारीख आली, आणि समुद्रावर वादळ झालं म्हणून उड्डाण पुढं गेलं. दुसरी तारीख इंजेक्शनच्या दिवशीच आली, तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना फोन करून इंजेक्शन आठ दिवस पुढं घेतलं. वरचा वारा ठीक नाही म्हणून उड्डाण पुन्हा पुढं गेलं, नवी तारीख कधीही येईल म्हणून मी इंजेक्शन पुन्हा पुढं घेतलं. मी घेतलं, त्यानं नव्हे. परवा बाईंनी डोळा तपासला आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "आजी, आत पाणी साठलंय. या गुरुवारी आलाच नाहीत तर पुढच्या गुरुवारी मी काही सांगू शकणार नाही." काल संध्याकाळी उड्डाणाची तिसरी तारीख आली. गुरुवार. आता कुणाला जाब विचारायचा? वाऱ्याला? बाईंना? मी आयुष्यभर चुकणाऱ्याला समोर उभं केलं. इथं उभं करायला कुणीच नाही, मी सोडून.

तुम्हाला ती पहाट आठवत असेल. मी बारा वर्षांची, धाकटा आठचा. गिरगावातली आपली चाळ, तिसरा मजला, वर गच्ची. रशियानं आकाशात यंत्र सोडलं होतं आणि तुमच्या छापखान्यात तार आली होती की पहाटे मुंबईवरून जाताना दिसेल. तुम्ही रात्रपाळी संपवून आलात, हाताला शाईचा वास, आणि आम्हा दोघांना उठवलंत. आई म्हणाली, "पोरांना सर्दी होईल," आणि कूस बदलली. गच्चीवर गारवा आहे, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी ओल्या लागतात, खाली दूधवाल्याच्या बरण्या वाजताहेत. तुम्ही बोट दाखवता आहात, "तिकडून येईल, घाई करू नका." चांदणीसारखा एक ठिपका निघतो आणि न लुकलुकता सरळ चालत येतो. धाकटा आधी गप्प, मग एकदम उड्या मारायला लागतो. "आला! आला! ताई, गेला! गेला, गेला!"

त्या शब्दानं काय केलं, ते मी कधी विसरले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा मुलगा संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गेला होता आणि मांडीत गोळी घेऊन परत आला होता. जखम भरून पुन्हा चिघळली होती, त्या आठवड्यात त्याला ताप होता आणि काकू रात्रभर उशाशी बसायच्या. वरून "गेला, गेला" ऐकल्याबरोबर त्यांनी जो हंबरडा फोडला, त्यानं अख्खी चाळ उठली. दारं उघडली, बायका पदर सावरत धावल्या, कुणीतरी पाणी आणा म्हणून ओरडलं. मी धाकट्याला धरलं आणि त्याच्या तोंडावर हात दाबला. त्याचं तोंड केवढंसं, माझा पंजा मोठा, डोळ्यांपर्यंत गेला. खालून त्या मुलाचाच आवाज आला, चिडलेला, "अगं आई, मी आहे इथं! रडण्याआधी कोण गेला ते तरी विचार!" मग चाळ हसली. काही जण हसले नाहीत. पहिल्या मजल्यावरचे अप्पा जिन्यात उभे राहून म्हणाले, "आभाळातल्या खेळण्यापायी माणसांचे जीव घ्याल तुम्ही." तुम्ही हात जोडून खाली गेलात.

परत आलात आणि धाकट्याला काहीच बोलला नाहीत. मला बोललात. तुम्ही मुद्रितशोधक, तुमचा रागसुद्धा प्रुफावरचा असायचा. "तोंड दाबलंस ते कळलं. डोळे कशाला दाबलेस? चूक खोडताना शेजारचं बरोबर अक्षर खोडू नये." मला ते लागलं, कारण तुम्ही कधी उगाच बोलायचा नाहीत. गोळीबारात गेलेल्यांच्या नावांची यादी छापायला आली तेव्हा तुम्ही ती घरी आणली होतीत आणि एकेक नाव मोठ्यानं, दोनदोनदा वाचत होतात. आई म्हणाली, "पुरे आता, पोरं ऐकताहेत." तुम्ही म्हणालात, "माणूस गेलाच आहे. निदान वेलांटी तरी चुकू नये." असा माणूस मला म्हणाला की मी बरोबर अक्षर खोडलं. मग तुम्ही विचारलंत, "तुला तरी दिसला ना शेवटपर्यंत?" मी हो म्हटलं.

त्याच दिवशी दुपारी तुम्ही एका जुन्या प्रुफाच्या कोऱ्या पाठीवर प्रवासाचा बेत लिहायला घेतलात. आपल्या देशात असं यंत्र सुटेल तेव्हा तिघांनी समोर उभं राहून बघायचं. कुठून सुटेल ते माहीत नव्हतं, म्हणून गावाची जागा कोरी ठेवलीत. पण एक वळकटी, पितळेचा डबा, धाकट्याला स्वेटर, हे लिहिलंत. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आधी मुंबई कुठल्या राज्यात जातेय ते ठरू द्या. हे निघाले आभाळात." तुम्ही म्हणालात, "मी आभाळात नाही जात गं, बघायला जातोय. जाणारा वेगळाच." धाकट्यानं विचारलं, "नाना, तो आत्ताचा कुठल्या राज्यातून गेला?" आणि तुम्ही इतके हसलात की चष्मा पुसावा लागला. राज्य झालं ते तुम्ही पाहिलंत. त्याच वर्षी गणपतीच्या आधी तुम्ही आम्हाला सोडून गेलात, आणि गावाची जागा कोरीच राहिली. तीनेक वर्षांनी दक्षिणेतल्या एका कोळ्यांच्या गावातून आपला पहिला छोटा अग्निबाण सुटला. धाकटा वर्तमानपत्र घेऊन माझ्या कॉलेजच्या दाराशी आला होता. मी म्हटलं, परीक्षा झाली की जाऊ. परीक्षेनंतर माझी नोकरी, मग त्याची, मग आई, मग त्याचं लग्न, मग त्याच्या बायकोचं आजारपण. प्रत्येक वेळी कारण खरं होतं.

आज सकाळी चहाच्या वेळी मी त्याला सांगितलं की मी बेत रद्द करतेय. सांगितलं म्हणजे जाहीर केलं, माझी तीच पद्धत. त्यानं कप खाली ठेवला, बशीच्या कडेला बोट लावून, नीट.

"इंजेक्शन रद्द कर," म्हणाला.

"वेड लागलंय? आहे तो डोळाही जाईल."

"डोळा काय नुसता इंजेक्शन घ्यायला ठेवायचा?"

"शब्दांचे खेळ नकोत. तुला उड्डाण दाखवायचं म्हणून मी दोनदा बाईंची तारीख पुढं घेतली, ती चूक झाली. आता तिसऱ्यांदा नाही करणार."

तो चौकटीकडे बघायला लागला, म्हणजे माझ्याकडे. "मला दाखवायचं? ताई, मी पाहिलाय की."

"काय पाहिलंस? माझा हात होता तुझ्या डोळ्यांवर."

"तुझी बोटं लांब. मधे फटी होत्या. मला पार समुद्राकडे जाईपर्यंत दिसला. तू जिन्याकडे बघत होतीस. तुझाच राहिला."

मी विचारलं, मग इतकी वर्षं का नाही बोललास? तर म्हणाला, "नाना तुला बोलले ना, तेव्हा मला फार बरं वाटलं. आठ वर्षांचा होतो. आणि त्या दिवसापासून तू मला मारायची बंद झालीस. कोण सांगेल?" आणि हसला. मी हसले नाही. मी विचारलं, "म्हणजे हे पास, गाड्या, तळमजल्याची खोली, सगळ्याला तू माझ्यासाठी हो म्हणालास?" "तू माझ्यासाठी करत होतीस, मी तुझ्यासाठी येत होतो. दोघांचं काम एका तिकिटात होत होतं. आणि मलाही बघायचाय, जवळून, मोठा. कडेनं दिसेल. जाळ काय, कडेनंही दिसतो." मग म्हणाला, "बाई सांगतात डोळा धरून ठेवलाय. मला विचार ना कुणीतरी, कशासाठी धरून ठेवायचा."

नाना, त्याचं खरं आहे. मला त्या पहाटे शेवटपर्यंत दिसलं नव्हतं. एक ठिपका येताना पाहिला, जाताना नाही, आणि तुम्हाला मी खोटं हो म्हटलं. तेवढ्यावरून माझा भाऊ आता उरलेला डोळा माझ्यासाठी पणाला लावायला निघाला आहे, आणि मी त्याला थांबवायला पाहिजे, हे मला कळतं. थांबवलं तर तो ऐकेल. तो नेहमीच माझं ऐकत आला. पण ऐकून पुढच्या वर्षी त्याला चौकटही दिसेनाशी झाली, इंजेक्शन घेऊनसुद्धा झाली, तर मी काय सांगू? आणि गेलो, आणि वारा पुन्हा फिरला, आणि पायऱ्यांवर बसून नुसता समुद्र बघून परत आलो, तर? शाळेत मी मुलींना सांगायचे, निर्णय घेताना दोन्ही बाजू कागदावर मांडा. मांडल्या. दोन्ही रकाने भरले आणि खाली लिहायला काही नाही. मंगळवारी दुपारी गाडी सुटते. आज रविवार.

दुपारी तो झोपून उठल्यावर मी कपाट उघडलं. त्याच्या डोळ्यांचे कागद, त्याच्या पैशांचे कागद, त्याच्या घराच्या किल्ल्या, सगळं माझ्याकडे असतं, तो आला त्या दिवसापासून. त्यानं कधी मागितलं नाही आणि मी कधी दिलं नाही. आज ते सगळं आणि गुरुवारचे कागद एका पाकिटात घातले आणि म्हटलं, "हे तुझ्याजवळ ठेव. उद्या संध्याकाळपर्यंत मला सांग. तू सांगशील ते करू." तो म्हणाला, "तू काय म्हणतेस ते सांग की." मी म्हटलं, "मी काही म्हणत नाही." तो पाकीट घेऊन खिडकीशी गेला, भिंग काढलं आणि खुर्ची उजेडाकडे तिरकी करून बसला. अजून बसलाच आहे. मी त्याच्याकडे पाठ करून हे लिहितेय. हे पत्र कुठं टाकायचं नाही, लिहून झालं की वहीतच राहील.

गुरुवारचे म्हणून त्याच्या हातात दिले ते कागद असे. जाण्याची दोन तिकिटं, येण्याची दोन. खोलीची पावती. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी, त्यावर गुरुवार, सकाळी साडेदहा, आणि त्याखाली त्यांनी दोनदा ओढलेली रेघ. बसायच्या जागेचे दोन पास. मी काही म्हणत नाही असं त्याला सांगितलं खरं, पण पाकीट भरताना पास सगळ्यांत वर ठेवले होते आणि चिठ्ठी सगळ्यांत खाली.